तीन तारखेच्या खोक्यातली अळी

१

अळी जिवंत होती, हीच खरी पंचाईत होती.

मेलेली असती तर एवढा गहजब झाला नसता. समुद्रातल्या माशाच्या पोटात अळ्या असतात, हे मासळीच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खाणाऱ्यांना ते कुणी आपणहून सांगायला जात नाही, एवढंच. पांढरट, बोटाच्या पेराएवढी, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून बसलेली ही गोल अळी नीट शिजवली की मरते आणि नीट गोठवली की मरते. अर्धकच्च्या माशातून जिवंतपणी माणसाच्या पोटात गेली, तर मात्र ती आतड्याला असा चावा घेते की माणूस गडाबडा लोळतो. म्हणून मासळी गोठवणाऱ्या त्या कारखान्यात माशाचा प्रत्येक काप आधी उजेडावर धरून तपासायचा आणि मग गोठवायचा, असा नियम होता.

आणि तरीही बुधवारी सकाळी इस्पितळाच्या आचारीणबाई हातात काचेची बरणी घेऊन तरातरा कारखान्याच्या मालकीणबाईंच्या खोलीत शिरल्या. त्यांनी बरणी थेट चहाच्या कपाशेजारी ठेवली. बरणीत माशाचा काप होता, आणि कापातून अर्धी बाहेर आलेली अळी डोकं इकडून तिकडे हलवत होती.

"तीन आठवडे गोठवलेला माल म्हणता ना तुमचा?" आचारीणबाई म्हणाल्या. "मग ही काय थंडी वाजते म्हणून नाचतेय?"

मालकीणबाईंनी कप हळूच दूर सरकवला आणि भिंगवालीला बोलावणं धाडलं.

भिंगवाली म्हणजे कारखान्याच्या तपासणीच्या खोलीतली मुलगी. वय सव्वीस, नोकरीला दोन वर्षं झालेली, आणि गळ्यात कायम दोरीला बांधलेलं भिंग, म्हणून हे नाव. तिने बरणीत पाहिलं, आचारीणबाईंनी सोबत आणलेलं खोक्याचं झाकण पाहिलं, आणि पुन्हा बरणीत पाहिलं. झाकणावर तीन तारखेचा शिक्का होता. आज तारीख होती पंचवीस. उणे वीस अंशांत ही अळी दोन-चार दिवसांतच मरायला हवी होती.

"हे शक्यच नाही," ती म्हणाली.

"शक्य नाही ते माझ्या टेबलावर वळवळतंय," मालकीणबाई म्हणाल्या. "इस्पितळाला शुक्रवारी दुपारपर्यंत लेखी अहवाल हवाय. अळी कुणाच्या नजरेतून सुटली त्याचं नाव त्यात पाहिजे. ज्याचं नाव येईल तो टेबलावरून कायमचा उठेल. आपला नियम तुला माहीत आहे, तूच लिहून दिलायस तो."

त्यांनी खोक्यातून निघालेली कागदाची चिठ्ठी पुढे केली. प्रत्येक टेबलवाली खोकं भरताना आपल्या टेबलाच्या नंबराची अशी चिठ्ठी आत टाकते. चिठ्ठीवर चारचा आकडा होता.

चार नंबरच्या टेबलावर भिंगवालीची मावशी बसायची.

२

उजेडाचं टेबल म्हणजे दुधी काचेचं टेबल, खाली दिवे लावलेलं. कातडीची बाजू खाली, शेपूट आपल्याकडे असा काप ठेवायचा. उजेड मांसातून वर येतो आणि आत अळी असली तर सावलीसारखी दिसते. ती चिमट्याने उपटायची. काप साफ झाला की शेपटीच्या कडेला सुरीने बारीकशी खाच मारायची, म्हणजे ढीग चुकून मिसळले तरी तपासलेला कुठला आणि राहिलेला कुठला ते कळतं. अशा टेबलांवर पाच बायका ओळीने बसायच्या. मावशी डावखुरी, म्हणून तिला कोपऱ्यातलं टेबल दिलेलं. नाहीतर शेजारणीच्या कोपराशी तिचं कोपर भांडायचं.

सव्वीस वर्षं मावशी तिथे बसत होती. परवा तिच्या दाढेपायी भिंगवालीने त्या टेबलावर दोन तास काढले, तर घरी येऊन डोळे मिटले तरी तिला काप दिसत होते. मावशीने त्याच उजेडासमोर जन्म काढला, आणि आईच्या मागे भिंगवालीला वाढवलं ते त्याच्याच जिवावर. टेबलावरून उठवलेली मावशी घरी बसून काय करेल, ही कल्पनाच भिंगवालीला सहन होईना.

मावशी तपासणीच्या खोलीत आली ती पदर खोचूनच. गाल अजून सुजलेला होता, पण तोंडाला कुलूप लागलेलं नव्हतं.

"माझ्या टेबलावरून अळी सुटली म्हणे? कोण म्हणतं? त्या मुकादमाचंच काम असणार. माझे डोळे तपासून घ्या म्हणून महिनाभर मालकिणीचे कान भरतोय तो. आण इकडे तो काप, मला बघू दे."

भिंगवालीने ताट पुढे केलं. मावशी वाकली. तिने कापाकडे पाहिलं, बोटाने तो जरासा फिरवला, आणि तिचं बोलणं मधेच थांबलं. 

"मावशी?"

"माझीच नजर चुकली," मावशी म्हणाली. "लिही तसं."

भिंगवालीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. भाजीवाल्याने एक मिरची कमी टाकली तरी त्याच्या सात पिढ्यांची उजळणी करणारी ही बाई, आणि सव्वीस वर्षांचं नाव एका वाक्यात सोडून मोकळी झाली!

"अगं, पण गोठलेल्या मालात जिवंत अळी कशी असेल? काहीतरी गडबड आहे. मी शोधून काढते."

"काही शोधू नकोस," मावशी दारातून म्हणाली. "माझं नाव लिही आणि विषय संपव. माझी शपथ आहे तुला."

३

शपथेला न जुमानता भिंगवाली दुपारी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जाऊन थडकली. तिला वाटत होतं, आचारीणबाईंनी ताजा मासा चिरला असेल आणि त्याच्यातली अळी ह्या कापावर आली असेल. तसं निघालं असतं तर सगळ्यांचेच प्राण वाचले असते.

"ताजा मासा इथे दारातूनसुद्धा आत येत नाही," आचारीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "रुग्णांचं जेवण आहे हे. खोकं तुमचं, काप तुमचा, अळीही तुमचीच."

"खोकं कधी आलं?"

"मंगळवारी संध्याकाळी. आमच्या लहान फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून रात्रभर बाहेरच्या कपाटात ठेवलं होतं, ते सकाळी उघडलं. एक सांगते, तुमच्या बाकीच्या खोक्यांशी मला नेहमी कुस्ती खेळावी लागते. सकाळचे दहा वाजले तरी मधला गठ्ठा दगडासारखा असतो. हे मात्र उघडलं तेव्हा मधे मऊच होतं. म्हटलं, चला, आज सुखाचा दिवस दिसतोय."

मधे मऊ होतं, हे भिंगवालीने वहीत लिहिलं, पण त्याचा अर्थ काही लागेना. कोल्ड स्टोरेजचं यंत्र बंद पडलं असेल, असं वाटून ती तिथून सरळ गारेगारकाकांकडे गेली.

कोल्ड स्टोरेज सांभाळणाऱ्या काकांना सगळा कारखाना गारेगारकाका म्हणायचा, आणि ते भर उन्हाळ्यातही कानटोपी घालूनच फिरायचे. यंत्र बंद पडलं का, असं विचारल्यावर ते चांगलेच दुखावले. त्यांनी महिनाभराचा तापमानाचा कागद काढून तिच्यापुढे पसरला. रेघ पट्टीने मारावी इतकी सरळ होती.

"माझं यंत्र एक मिनिट थांबलं नाही, पोरी. माझा नियमही मोडत नाही. जुनी तारीख आधी बाहेर काढायची. मंगळवारी इस्पितळाची मागणी आली, तेव्हा सगळ्यांत जुनी तारीख तीनचीच होती. दिलं खोकं."

"मग चुकलं कुठे?"

काकांनी कानटोपी काढून डोकं खाजवलं. "तेच तर. खरं सांगू? तीन तारखेचा माल मी गेल्या आठवड्यातच संपवला, असं मला पक्कं वाटत होतं. परवा रांगेत बघतो तर पुन्हा तीन तारखेची खोकी उभी! अजून अकरा शिल्लक आहेत. म्हटलं, गड्या, वय झालं, आता तुला आठवत नाही. कुणाला बोललो नाही. तू पण बोलू नकोस."

एकजण न केलेली चूक कबूल करतो आणि दुसरा आपल्याच डोक्यावर शंका घेतो, असा सगळा प्रकार होता. भिंगवाली घरी गेली ती आणखीनच गोंधळून.

४

जाण्याआधी मात्र तिने एक गोष्ट केली होती. ताज्या माशाच्या आतड्यातून तिने पाच जिवंत अळ्या काढल्या, मांसाच्या पातळ तुकड्यात घालून पिशवीत भरल्या आणि ती पिशवी कोल्ड स्टोरेजच्या फळीवर ठेवून दिली.

गुरुवारी ती मुकादमाला भेटली. खोक्यांवर तारखेचे शिक्के मारायचे आणि माल आत पाठवायचा, हे त्याचं काम. त्याने तिला बसायला स्टूल दिलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. मावशी मलाही आईसारख्या आहेत. पण वयाप्रमाणे नजर जाणारच ना माणसाची? मी बोललो होतो मालकीणबाईंना."

"नजरेचं सोडा हो. अळी जिवंत कशी राहिली ते सांगा."

"एखादी असते चिवट," मुकादम म्हणाला, आणि उगाचच शिक्क्याची डबी उघडून मिटली.

त्याला काहीतरी लपवायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण काय लपवायचं होतं? मावशीला उठवण्यासाठी त्यानेच अळी कापात घातली असेल? भिंगवालीने भिंग लावून काप पुन्हा पाहिला. अळीचं अर्धं अंग अजून पाठीच्या जाड मांसात खोलवर होतं, आणि तिच्यामागे तिच्या वाटेचा बारीक बोगदा होता. असला बोगदा चिमट्याने करता येत नाही. अळी स्वतः चालत तिथे गेली होती.

आणि इथेच तिला दुसरं कोडं पडलं. मासा जिवंत असतो तेव्हा अळ्या आतड्याभोवती पडून असतात. तो मेला आणि पोट साफ करायला उशीर झाला, तरच त्या मांसाकडे सरकतात. इथल्या बोटी तर मासा पकडल्या पकडल्या साफ करतात. ह्या माशाचं पोट दिवसभर तरी तसंच राहिलेलं दिसत होतं. वहीत तिने सगळं वर्णन उतरवलं: अळी पाठीत, खोल; खाच शेपटीच्या उजव्या कडेला; मांस पिवळसर. मग वही मिटून ती कपाळ धरून बसली.

शुक्रवारी सकाळी तिने फळीवरची पिशवी काढून पाणी घातलं. पाचही अळ्या निपचित पडल्या होत्या. तासभर थांबली, सुईने डिवचलं, कोमट पाणी घातलं, तरी एकही हलली नाही. त्या पातळ पिशवीत दीड दिवसात मेल्या होत्या.

मग तीन आठवड्यांनंतर एक कशी नाचत होती? अहवालाला चार तास उरले होते.

५

भिंगवाली टेबलाशी बसून मेलेल्या अळ्यांकडे बघत राहिली. बुधवारपासून सगळे एकच विचारत होते, आणि तीही तेच विचारत होती: अळी तीन आठवडे जगली कशी?

ती जगलीच नव्हती! अळीला तारीख वाचता येत नाही. जी जिवंत आहे ती तीन आठवडे गोठलेली असूच शकत नाही. खोकं मधे मऊ होतं, कारण ते पुरतं गोठलंच नव्हतं. काकांचं डोकं ठिकाणावर होतं. तीन तारखेचा माल खरंच संपला होता. यंत्राची चूक नव्हती, अळीही चिवट नव्हती. खोटं बोलत होतं ते झाकण.

ती धावतच मुकादमाकडे गेली.

"झाकणांवर शिक्के कधी मारता तुम्ही?"

"सकाळीच. मासळी यायच्या आधी. नंतर वेळ कुठे मिळतो?"

"तीन तारखेला किती माल आला होता?"

मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. तो शिक्क्याच्या डबीशी चाळा करायला लागला.

"वादळ होतं त्या दिवशी. दोनच बोटी आल्या."

"आणि झाकणं मारली होती नेहमीएवढी. उरलेली कुठे गेली?"

मुकादमाने डबी बाजूला ठेवली. मग एकदम खालीच बसला.

"कोपऱ्यात ठेवली होती मॅडम. फेकून कशी द्यायची चांगली झाकणं? सोमवारी ती इंजिन बंद पडलेली बोट आली. दीड दिवस समुद्रात अडकलेली. खलाशी इंजिनाशी झटत होते, मासे साफ करायला कुणाला फुरसत होती? सगळा माल अंगावर एकदम आला. नवी झाकणं संपली. म्हटलं, बारा खोक्यांचा तर प्रश्न आहे, वापरून टाकू. तारखेवरून एवढं रामायण होईल हे मला काय माहीत?"

सगळं एका झटक्यात जुळलं. मासा सोमवारचा, दीड दिवस पोट साफ न केलेला, म्हणून अळ्या मांसात गेल्या. झाकण जुनं, म्हणून तारीख जुनी. आणि जुनी तारीख आधी बाहेर, ह्या काकांच्या चोख नियमाने सगळ्यांत कोवळं खोकं सगळ्यांच्या आधी, एका दिवसात, कारखान्याबाहेर पडलं. खलाशी, मुकादम आणि काका, तिघांनी आपापल्या परीने काम केलं, आणि त्यातून आजारी माणसांच्या ताटापर्यंत अळी पोचली.

"मुकादम, ती अकरा खोकी जागची हलवू नका!" असं ओरडून भिंगवाली मालकीणबाईंच्या खोलीकडे सुटली. तिला हसू आवरत नव्हतं. मावशी वाचली होती! सोमवारी दुपारी मावशी कारखान्यात नव्हतीच. ती दातांच्या डॉक्टरसमोर तोंड वासून बसली होती. चार नंबरच्या टेबलावर त्या वेळी—

जिन्याच्या मधल्या पायरीवर तिचे पाय थांबले.

तिने वही उघडली. खाच शेपटीच्या उजव्या कडेला, असं तिच्याच अक्षरात लिहिलं होतं. शेपूट आपल्याकडे असताना डावखुऱ्या हाताची खाच डाव्या कडेला पडते. सव्वीस वर्षं चार नंबरच्या प्रत्येक कापाला डावीकडे खाच होती. फक्त सोमवारचे दोन तास सोडून.

६

मावशी खाली हात धूत होती. भिंगवालीचा चेहरा पाहून तिने नळ बंद केला.

"तुला कळलं होतं," भिंगवाली म्हणाली. "बुधवारीच. खाच बघून."

"हळू बोल."

"मी सोडली ती अळी. मी बसले होते तुझ्या टेबलावर."

"दोन तास बसलीस ते माझ्यासाठीच ना? मीच पाठवलं तुला." मावशीने तिचा दंड धरला. "हे बघ. माझे किती दिवस राहिलेत आता? तू आत्ता कुठे तपासणीच्या खोलीत गेलीस. तिथवर तुला पोचवायला मला किती वर्षं लागली माहितेय? मी घरी बसले तर बसले. तू गप्प राहा."

भिंगवालीला क्षणभर खरंच वाटलं, गप्प राहावं. कुणी विचारलं नसतं. खाचेची बाजू बघणारं मावशीशिवाय कारखान्यात कुणी नव्हतं. मान खाली घातली की सगळं निभावून जाणार होतं, आणि मावशी स्वतःच तसं म्हणत होती.

"त्या झाकणांची अजून अकरा खोकी आत आहेत," ती म्हणाली. "सगळ्यांत जुनी तारीख म्हणून काका आज-उद्या ती काढतील, आणि मुकादम आपणहून त्यांना काही सांगणार नाही. तू तीन तारखेला चुकलीस असं मी लिहिलं, तर झाकणावरची तारीख खरी ठरते. मग ती खोकी कुणी अडवायची?"

मावशीला हे ठाऊक नव्हतं. तिची बोटं दंडावरून सुटली. तिने पदराला हात पुसले आणि जिन्याची वाट मोकळी केली.

मालकीणबाईंनी अहवालातला झाकणांचा भाग दोनदा वाचला. अकरा खोकी उघडण्याचा हुकूम झाला. चार नंबरच्याच दोनांत आणखी अळ्या निघाल्या. मुकादमाच्या हातून शिक्का गेला. मग मालकीणबाईंनी चष्मा काढला.

"सोमवारी चार नंबरवर कोण होतं, ते इथे लिहिलेलं नाही."

"शेवटच्या ओळीत आहे, बाई."

मालकीणबाईंनी शेवटची ओळ वाचली. 

"नियम तूच लिहून दिला होतास मला," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून टोपल्या धुवायला जा. तपासणीची खोली दुसरं कुणी बघेल."

संध्याकाळी घरी दोघी जेवायला बसल्या.  मावशी भांडी आपटत होती, वाढत होती, आणि पुन्हा आपटत होती.  आपण बरोबर केलं असं भिंगवालीला वाटत होतं, आणि त्याच वेळी मावशीची सगळी वर्षं आपण मातीत घातली असंही वाटत होतं. ह्या दोन्हींपैकी कुठलं खरं, ते काही केल्या कळेना.

"दोनदा," मावशी एकदम म्हणाली.

"काय दोनदा?"

"माझ्या हातूनही सुटल्यात. सव्वीस वर्षांत. खोकं बंद झाल्यावर आठवायचं, त्या कापात सावली होती. रात्र रात्र झोप लागायची नाही. कुणी आजारी पडलं का, तेही कळलं नाही कधी." तिने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता परत ठेवला. "मी कुणाला सांगितलं नाही. तुझं पोट भरायचं होतं, आणि मी भित्री होते."

भिंगवालीने ताटावरून हात उचलून तिच्या मनगटावर ठेवला. मावशीने तो झिडकारला नाही. ती खाली बघून बोटाने ताटातली शितं गोळा करत राहिली.

"दोनदा नाही. तीनदा," ती म्हणाली.